होंडा पॉइंट, १९२३ : एका रांगेतली सात जहाजं

८ सप्टेंबर १९२३. रात्रीचे ९ वाजून ५ मिनिटं झाली होती. अमेरिकन नौदलाची ‘डेल्फी’ ही विनाशिका २० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर वेगाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कातळावर आदळली. आदळेपर्यंत जहाजावरच्या जबाबदार माणसांची खात्री होती, की आपण सांता बार्बराच्या खाडीच्या रुंद तोंडातून आत शिरतो आहोत आणि समोर मोकळं पाणी आहे. डेल्फीच्या मागे एका रांगेत आणखी तेरा विनाशिका येत होत्या. त्यांतल्या सहा पुढच्या काही मिनिटांत त्याच खडकांवर चढल्या. आणखी दोन घासल्या, पण स्वतःच्या ताकदीवर सुटल्या. पाच वाचल्या. २३ खलाशी गेले. युद्ध नव्हतं, वादळही नव्हतं. शांततेच्या काळात अमेरिकन नौदलाने एका रात्रीत इतकी जहाजं त्याआधी कधी गमावली नव्हती आणि नंतरही नाही.

उपग्रह येण्यापूर्वीच्या दिशाचुकीच्या गोष्टी आपण वाचतो तेव्हा ‘बिचाऱ्यांना कळायला मार्गच नव्हता’ असं एक गृहीत मनात असतं. १७०७ मध्ये सिली बेटांच्या खडकांवर ॲडमिरल क्लाउड्स्ली शॉव्हेल यांचा ब्रिटिश ताफा फुटला आणि हजाराहून जास्त माणसं बुडाली, तिथे हे बऱ्याच अंशी खरं आहे. भर समुद्रात रेखांश अचूक काढण्याचं साधन तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं. होंडा पॉइंटचं तसं नाही. त्या रात्री जहाज नेमकं कुठे आहे याची बरोबर माहिती डेल्फीवर पोहोचली होती, वेळेवर पोहोचली होती आणि ती वाचूनच बाजूला सारली गेली होती. हे प्रकरण निवडलं ते त्यासाठी.

घाई कशाची होती

ही विनाशिकांची अकरावी तुकडी, म्हणजे डिस्ट्रॉयर स्क्वाड्रन ११. प्रमुख कॅप्टन एडवर्ड वॉटसन, आणि त्यांची ध्वजनौका डेल्फी. सगळी जहाजं क्लेमसन वर्गातली : चार धुराड्यांची, ३१४ फूट लांब, सुमारे बाराशे टनांची, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी भराभर बांधलेली. पूर्ण जोर लावला तर ३५ नॉटपर्यंत जाणारी. म्हणजे या जहाजांच्या दृष्टीने २० नॉट हा काही भरधाव वेग नव्हे. पण युद्धानंतर नौदलाच्या पैशाला कात्री लागलेली होती, तेल जपून वापरायचं होतं, आणि सलग चोवीस तास २० नॉटने जाण्याची परवानगी ही चैनच होती.

त्या दिवशी ती मिळाली होती. सॅन फ्रान्सिस्कोहून सकाळी निघायचं आणि सॅन डिएगोला पोहोचायचं, वाटेत कवायती करायच्या आणि यंत्रं सलग वेगात किती टिकतात याची परीक्षाही द्यायची, असा बेत होता. यंत्रांच्या या परीक्षेला नौदलात मान होता, जहाजाजहाजांत चुरस होती. मध्येच वेग कमी केला की परीक्षा बिघडली. ही बाब पुढे कळीची ठरते. चौकशीच्या गोषवाऱ्यांत ती बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेली दिसते, हे मला खटकतं.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोपासून खाली येणारा किनारा ढोबळमानाने दक्षिणेकडे उतरतो. पॉइंट अर्ग्वेलो आणि त्यापुढे पॉइंट कन्सेप्शन या भूशिरांपाशी तो एकदम पूर्वेला वळतो. या वळणाच्या समोर समुद्रात सॅन मिगेल आणि इतर बेटांची ओळ आहे. किनारा आणि बेटं यांच्यामधला पट्टा म्हणजे सांता बार्बराची खाडी. उत्तरेकडून येणाऱ्या जहाजाने अर्ग्वेलो मागे टाकायचं आणि मग डावीकडे, पूर्वेला वळून खाडीत शिरायचं. लवकर वळलं तर अर्ग्वेलोच्या आसपासच्या कातळावर. उशिरा वळलं तर सॅन मिगेलवर. बेटांना बाहेरून वळसा घालूनही जाता येतं, पण ती वाट लांबची. वॉटसन यांनी खाडीची वाट घेतली.

सॅन मिगेलची भीती नुसती कागदावरची नव्हती. त्याच दिवशी सकाळी ‘क्यूबा’ नावाची प्रवासी आगबोट धुक्यात त्या बेटाजवळच्या खडकांवर चढली होती आणि तिच्यावरच्या लोकांना ‘रेनो’ या दुसऱ्या एका विनाशिकेने वाचवलं होतं. उशिरा वळण्याचा धोका असा अगदी ताजा होता.

अंदाजाचं गणित

डेल्फीचे कप्तान लेफ्टनंट कमांडर डोनाल्ड हंटर हेच त्या सफरीत सगळ्या तुकडीचं मार्गदर्शनही करत होते. साधा माणूस नव्हे. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत त्यांनी नौकानयन शिकवलेलं होतं. त्यांच्या जहाजावर मार्गदर्शनासाठी लेफ्टनंट लॉरेन्स ब्लॉजेट हा तरुण अधिकारी होता, पण शेवटचा शब्द हंटर यांचा.

त्यांची पद्धत होती डेड रेकनिंगची. शेवटची नक्की खूण जिथे दिसली तिथून घड्याळ, होकायंत्र आणि वेग यांवरून हिशेब मांडत पुढे जायचं : अमुक दिशेला, तमुक वेगाने, इतके तास, म्हणजे आता आपण इथे. दुपार होण्याआधी पिजन पॉइंटचं दीपगृह दिसलं. त्यानंतर किनारा धुरकटात गेला आणि पक्की म्हणावी अशी खूण मिळाली नाही. रात्री धुक्यात तारेही नाहीत आणि क्षितिजही नाही, त्यामुळे तारा क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजून जागा काढायचं यंत्र, म्हणजे सेक्स्टंट, निरुपयोगी. म्हणजे साधारण साडेनऊ तास निव्वळ हिशेबावर.

या हिशेबातली चूक वेळेबरोबर वाढत जाते, हे कुठल्याही खलाशाला ठाऊक असतं. नऊ तासांत अर्ध्या नॉटची चूक म्हणजे साडेचार सागरी मैल. दिशेत एका अंशाची चूक असेल तर तेवढ्या अंतरात आणखी तीन मैल, आणि तेही आडव्या बाजूला, म्हणजे किनाऱ्याकडे किंवा किनाऱ्यापासून दूर.

वेग तरी कसा मोजत होते? पंख्याच्या फेऱ्यांवरून. पंखा मिनिटाला इतका फिरतो तेव्हा जहाज इतकं जातं, असं कोष्टक असतं, आणि शांत पाण्यात ते ठीक चालतं. त्या दिवशी समुद्र शांत नव्हता. मागून मोठ्या, लांबलचक लाटा येत होत्या. अशी लाट खालून गेली की जहाजाचा मागचा भाग उचलला जातो, पंखा पाण्याच्या वर-वर येतो आणि रिकामाच गरगरतो. फेऱ्या मोजल्या जातात, अंतर काटलं जात नाही. जहाज थोडं भरकटतं, सुकाण्यावरचा माणूस त्याला परत ओढतो, आणि सरळ आखलेली रेषा प्रत्यक्षात नागमोडी होते. त्यात प्रवाह. डेल्फीवरच्या हिशेबात लाटा आणि प्रवाह यांचं माप पुरेसं धरलंच गेलं नाही. हिशेब म्हणत होता, आपण अर्ग्वेलो ओलांडून दक्षिणेला आलो आहोत. प्रत्यक्षात जहाजं त्या जागेपासून काही मैल ईशान्येला होती : म्हणजे अजून उत्तरेलाच, शिवाय किनाऱ्याच्या जास्त जवळ.

प्रवाहांबद्दल एक गोष्ट त्या वेळेपासून सांगितली जाते. आठवडाभर आधी, १ सप्टेंबरला, जपानमध्ये कांतोचा महाभूकंप झाला होता. त्यामुळे पॅसिफिकमध्ये विचित्र लाटा आणि प्रवाह उठले, असं म्हणतात. मला हे फारसं पटत नाही. भूकंपाची सागरी लाट पॅसिफिक महासागर एका दिवसाच्या आतच ओलांडते. सात दिवसांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जोरदार प्रवाह उरावा, याला सरळ कारण दिसत नाही. त्या किनाऱ्यावरचे प्रवाह तसेही बेभरवशाचे आहेत. आणि भूकंपाची गोष्ट खरी मानली, तरी ‘हिशेबावर विसंबू नका’ एवढंच त्यातून निघतं.

रेडिओवरचा आकडा

हिशेब तपासायला दोन मार्ग होते. एक जुना, एक नवा.

जुना म्हणजे पाण्याची खोली मोजणे. दोरीला शिशाचं वजन बांधून ते तळाला टेकवायचं. किनाऱ्याकडे जाताना खोली कमी होत जाते, आणि नकाशावर खोल्या छापलेल्या असतात. दोन-तीनदा मोजलं असतं तरी आपण मोकळ्या तोंडाकडे जातो आहोत की जमिनीकडे, याचा अंदाज येऊ शकला असता. पण २० नॉटच्या वेगात शिसं तळाला पोहोचत नाही. त्यासाठी जहाज जवळजवळ थांबवावं लागतं, आणि एक थांबलं की मागचे तेराही थांबवावे लागतात. यंत्रांची परीक्षा तिथेच संपली असती. वेग कमी केला गेला नाही.

नवा मार्ग रेडिओचा. पॉइंट अर्ग्वेलोवर नौदलाचं दिशाशोधक रेडिओ केंद्र होतं. जहाजाने रेडिओवरून संदेश पाठवायचा, केंद्रावरचा माणूस आपली चौकटीसारखी अँटेना फिरवून तो संदेश कुठल्या बाजूने येतो ते पाहणार आणि जहाजाला कळवणार : तुम्ही आमच्यापासून अमुक अंशांवर आहात. एका केंद्रावरून फक्त रेघ मिळते, बिंदू नाही. या रेघेवर तुम्ही कुठेतरी आहात एवढंच कळतं. पण ज्याला ‘मी अर्ग्वेलोच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला’ एवढंच विचारायचं आहे, त्याला ती रेघ पुरेशी असते.

या यंत्रात एक खोट होती. चौकटीची अँटेना समोरून आलेला आणि बरोबर पाठीमागून आलेला संदेश यांत भेद करत नाही. दोन उत्तरं निघतात, एकमेकांपासून १८० अंशांवर. त्यांतलं खरं कुठलं, हे माणसाने ठरवायचं. आणि घडलंही तसंच. दिवसा केंद्राने डेल्फीला एकदा असा आकडा दिला की त्यानुसार ती अर्ग्वेलोच्या दक्षिणेला असायला हवी होती. ते उघडच अशक्य होतं. त्या वेळी जहाजं अर्ग्वेलोच्या बऱ्याच उत्तरेला होती. हंटर यांनी आकडा उलटा आहे हे ओळखलं, केंद्राला तसं कळवलं, आणि केंद्रानेही ते मानलं.

माझ्या मते खरी गाठ इथेच बसली. हंटर त्या वेळी बरोबर होते. हिशेबाने रेडिओची चूक पकडली होती. रेडिओवर नव्याने भरवसा ठेवू पाहणाऱ्या माणसालाही इथे शंका आली असती, आणि हंटर तर मुळातच जुन्या पद्धतीचे पट्टीचे जाणकार. त्यानंतर केंद्राकडून जे काही येईल ते हिशेबाशी जुळलं तर खरं आणि नाही जुळलं तर केंद्राचा घोटाळा, अशी त्यांच्या मनाची बैठक झाली. तपासणारं साधन आणि तपासलं जाणारं साधन यांची अशी अदलाबदल झाली, की तपासणी नावापुरती उरते.

रात्री साडेआठनंतर केंद्राने पुन्हा आकडा दिला. ३३० अंशांच्या आसपास. म्हणजे : तुम्ही आमच्या वायव्येला आहात, अजून आम्हाला ओलांडलेलं नाही. हा आकडा बरोबर होता. हंटर यांच्या कागदावर मात्र जहाज दक्षिणेला होतं, म्हणून हाही आकडा उलट बाजूचा किंवा मुळातच चुकीचा, असं धरलं गेलं.

खरं तर दुपारचा आणि रात्रीचा प्रसंग सारखे नव्हते. दुपारी केंद्राचा आकडा भूगोलाशीच विसंगत होता, कारण तेवढं अंतर कापणं शक्यच नव्हतं. रात्री तो फक्त हंटर यांच्या अंदाजाशी विसंगत होता. दोन्हीकडे ‘आकडा चुकीचा’ हाच निष्कर्ष काढला गेला, पण पहिल्यामागे पुरावा होता आणि दुसऱ्यामागे फक्त आत्मविश्वास.

९ वाजता डेल्फी डावीकडे वळली, ०९५ अंशांवर, म्हणजे पूर्वेपेक्षा किंचित दक्षिणेकडे. वेग तोच. पाच मिनिटं म्हणजे दीड सागरी मैलाहून थोडं जास्त. वळल्यावर दाट धुकं लागलं, आणि त्याच्या पलीकडे होंडा पॉइंट होता. पॉइंट पेडरनालेस असंही त्याचं नाव आहे, आणि स्पॅनिश खलाशी त्या जागेला सैतानाचा जबडा म्हणत. अर्ग्वेलोपासून ही जागा जेमतेम काही मैल उत्तरेला आहे.

मागचे तेरा

एका जहाजाची चूक सात जहाजांची का झाली, हा या प्रकरणातला दुसरा भाग, आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो.

वॉटसन यांचा हुकूम होता : रांगेत, जवळजवळ राहून, ध्वजनौकेच्या मागे. जहाजाजहाजांत काही शे यार्डांचंच अंतर. २० नॉटला जहाज सेकंदाला दहा मीटरहून जास्त जातं. म्हणजे पुढच्याला काही झालं तर मागच्याच्या हातात अर्धा मिनिटही नाही. आंबोलीच्या घाटात दाट धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालणाऱ्यांना ही अवस्था कळेल. तिथे निदान ब्रेक असतात. बाराशे टनांचं जहाज ‘उलटे फिरवा’ म्हटल्यावरही बराच वेळ पुढेच जातं.

रेडिओकेंद्राला आकडा विचारायची मुभाही ध्वजनौकेलाच होती. सगळ्यांनी एकदम विचारलं तर संदेशांची गर्दी होते, हे त्यामागचं कारण, आणि ते रास्त होतं. पण परिणाम असा की चौदा जहाजांवर चौदा मार्गदर्शक अधिकारी असूनही स्वतंत्र मत एकच. बाकीच्यांनी आपापले नकाशे आखले होते, त्यांतल्या काहींना शंकाही होती. रेडिओवर डेल्फीला जे सांगितलं जात होतं ते इतरांनाही ऐकू येत होतं. रांगेतल्या शेवटच्या चार जहाजांचे प्रमुख वॉल्टर रोपर ‘केनेडी’वर होते. तिथे त्या आकड्यांचा अर्थ सरळ लावला गेला : आपण अजून उत्तरेला आहोत. पण ध्वजनौकेला ‘तुम्ही चुकताय’ असं कळवण्याची रीतच नव्हती. अकादमीत नौकानयन शिकवलेला माणूस पुढे आहे, स्क्वाड्रनचे प्रमुख त्याच्या शेजारी उभे आहेत, आणि त्यांना उठून रेडिओवर जाहीर प्रश्न कोण विचारणार?

डेल्फी आदळली तसा तिने सायरन वाजवला. मागची ‘एस. पी. ली’ पुढचं जहाज एकदम थांबलेलं पाहून वळली आणि किनाऱ्याला लागली. ‘यंग’ला वेळच मिळाला नाही. ‘वुडबरी’, ‘निकोलस’, ‘फुलर’ एकेका खडकावर गेल्या. ‘फॅरागट’ आणि ‘सोमर्स’ यांनी वेग तोडला, त्या घासल्या पण निघाल्या. ‘चॉन्सी’ यंगच्या जवळच अडकली. ‘पर्सिव्हल’ वाचली. सगळ्यात मागे रोपर यांची चार जहाजं : केनेडी, पॉल हॅमिल्टन, स्टॉडर्ट आणि थॉम्पसन. पुढचा गोंधळ ध्यानात येताच ती थांबली आणि खडकांपासून दूर राहिली. चारही शाबूत.

मेलेल्या २३ जणांपैकी २० यंगवरचे आणि ३ डेल्फीवरचे. यंगचा तळ पाण्याखालच्या सुळक्याने फाडला आणि ती मिनिटा-दोन मिनिटांतच उजव्या कुशीवर आडवी झाली. खाली यंत्रखोल्यांत असलेल्यांना वर यायला फुरसत मिळाली नाही. होड्या सोडणं अशक्य. कप्तान विल्यम कॅलहून यांनी माणसांना पाण्यात उडी न मारता वर आलेल्या डाव्या कुशीवर चढून धरून बसायला सांगितलं. ती कूस तेलाने निसरडी झालेली, लाटा वरून फुटताहेत, आणि बाहेर काळोख. गोल खिडक्यांच्या काचा फोडून हातांना आधार केला गेला.

यंगचा एक जुना बोट्सवेन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आर्थर पीटरसन दोरी घेऊन त्या पाण्यातून पोहत चॉन्सीपर्यंत गेला. अंतर शंभर यार्डांहून कमी, पण मध्ये खडक, तेल आणि उसळतं पाणी. चॉन्सी खडकावर चढली असली तरी उभी होती. दोरी बांधली गेली, तिच्यावरून छोटा तराफा ओढत न्यायची सोय झाली, आणि अकरा खेपांत यंगवरची सत्तर माणसं पलीकडे गेली. चॉन्सी तिथे अडकली म्हणून ही माणसं वाचली, हे मान्य करावंच लागतं. नौदलाच्या हिशेबात मात्र ती गमावलेलं सातवं जहाज.

वर कड्यापर्यंत आवाज गेले होते. जवळून सदर्न पॅसिफिकची रेल्वे जाते. रेल्वेची माणसं आणि आसपासच्या गुराखी वस्त्यांवरचे लोक आले, कड्यावरून दोर सोडले, लोकांना वर ओढून घेतलं, शेकोट्या पेटवल्या. बाहेरच्या खडकांवर अडकलेल्यांतल्या काहींना उजाडल्यावर कोळ्यांच्या होडीने उचललं. सातशेहून जास्त माणसं वाचली. आकड्यांकडे पाहिलं तर हा त्या रात्रीचा खरा चमत्कार, आणि त्याला कुठल्याच यंत्राची मदत नव्हती.

कुणाचा दोष

चौकशी मंडळाचे अध्यक्ष रिअर ॲडमिरल विल्यम प्रॅट होते. मंडळाने मुख्य दोष वॉटसन आणि ध्वजनौकेच्या मार्गदर्शकांवर ठेवला, पण तेवढ्यावर थांबलं नाही. प्रत्येक कप्तानाची पहिली जबाबदारी स्वतःच्या जहाजाची असते, तो रांगेत असला तरीही, असं म्हणत बाकीच्या कप्तानांकडेही बोट दाखवलं. अकरा अधिकाऱ्यांवर कोर्टमार्शल चाललं. एकाच घटनेसाठी इतक्या अधिकाऱ्यांवर एकदम खटला भरण्याचा अमेरिकन नौदलातला हा सगळ्यात मोठा प्रसंग.

वॉटसन यांनी कुणाकडे ढकललं नाही. जबाबदारी पूर्ण माझी, असं त्यांनी सांगितलं, आणि यामुळे त्यांच्याविषयी नौदलात आदर राहिला. कोर्टाने घटनेचं कारण सदोष मार्गदर्शन असं ठरवलं. वॉटसन आणि हंटर यांची ज्येष्ठता कापली गेली, म्हणजे बढतीची वाट व्यवहारात बंद. बाकी बहुतेक सगळे सुटले.

कप्तानांवर ठपका ठेवणारं चौकशी मंडळ की त्यांना सोडणारं कोर्ट, यांत बरोबर कोण? मला कोर्टाकडे झुकावंसं वाटतं, तेही पूर्ण मनाने नाही. रांगेतला कप्तान पुढच्यावर भरवसा ठेवणार नसेल तर रांग हा प्रकारच बाद. युद्धात धुराच्या पडद्यातून २५-३० नॉटने हल्ला करायचा तो असाच. आणि तुम्हीच आकडे विचारायची बंदी घातली असताना, ‘तुम्ही स्वतंत्रपणे का नाही ठरवलंत’ असं नंतर विचारणं थोडं सोयीचं आहे. पण दुसरी बाजूही आहे. ऐकायला बंदी नव्हती. केनेडीवर जे ऐकू आलं ते यंगवरही ऐकू येण्यासारखं होतं. वेग न मोडता, रांग न सोडता, अंतर जरा वाढवणं कुठल्याही कप्तानाच्या हातात होतं. अर्ध्या मिनिटाऐवजी दोन मिनिटं मिळाली असती.

हंटर यांच्याबाबत मात्र ‘अहंकार’ हा शब्द सर्रास वापरला जातो, तो मला पुरेसा वाटत नाही. त्यांच्यासमोर दोन साधनं होती. एक शतकानुशतकं वापरात असलेलं, त्यांनी स्वतः शिकवलेलं. दुसरं काही वर्षांपूर्वी आलेलं आणि त्याच दिवशी त्यांच्यासमोर चुकलेलं. निवड समजण्यासारखी आहे. न समजण्यासारखं आहे ते वेगळंच : दोन साधनं परस्परविरुद्ध बोलत असताना, तिसरं हाताशी असताना, ते न वापरता वळणं. शंका असेल तर वेग कमी करा आणि खोली पाहा, हे नौकानयनाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तेवढं करायला यंत्रांची परीक्षा सोडावी लागली असती, आणि ती सोडायचा हुकूम हंटर नव्हे, वॉटसनच देऊ शकत होते. म्हणून कोर्टाने मार्गदर्शनातल्या चुकीवर बोट ठेवलं तरी मी बोट वेगावर ठेवीन. सावकाश जाणाऱ्या तुकडीला चुकीचा हिशेबही पचला असता.

जहाजं काढता येण्यासारखी नव्हती. काही वर्षांनी सातही सांगाडे भंगार म्हणून विकले गेले, सगळ्यांचे मिळून १,०३५ डॉलर आले. बांधायला एक कोटीहून जास्त डॉलर लागले होते. १९२९ मध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ हे जर्मन वायुयान जगप्रदक्षिणेत त्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हाही त्यांचे अवशेष तिथे दिसत होते. डेल्फीचा पंखा आज लोम्पोक गावात स्मारक म्हणून ठेवलेला आहे. होंडा पॉइंट आता व्हँडेनबर्ग या लष्करी तळाच्या हद्दीत येतं. १९७८ च्या फेब्रुवारीत जीपीएसचा पहिला उपग्रह याच तळावरून सोडला गेला, असा योगायोग. त्यानेही शंका संपल्या नाहीत, फक्त आकडा उलटा आहे का हे विचारायची वेळ कमी झाली.

वॉटसन यांना पुढे हवाईतल्या नौदल विभागात दुय्यम पद मिळालं आणि १९२९ मध्ये ते निवृत्त झाले. यंगचे कप्तान कॅलहून, ज्यांच्या जहाजावर सगळ्यात जास्त माणसं मेली, ते निर्दोष सुटले, चढत गेले, आणि १९४१ मध्ये पॅसिफिक ताफ्याच्या बेस फोर्सचे प्रमुख म्हणून पर्ल हार्बरला होते.